एका भगुन्यातला कोळंबी पास्ता: समुद्रापासून लांबच्या स्वयंपाकघरासाठी

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत वशाटाचं, म्हणजे मांस-मासळीचं, भगुनं वेगळं असतं. बुधवारी किंवा रविवारी ते माळ्यावरून खाली येतं आणि काम झालं की लख्ख घासून परत वर जातं. अशा घरात कॉलेजातून आलेल्या पोरानं कोळंबीचा पास्ता करायचं काढलं, तर आधी प्रश्न भांड्यांचा येतो. पास्ता उकडायला पातेलं, गाळायला चाळणी, सॉसला कढई आणि कोळंबी परतायला तवा. एवढी भांडी वशाटाला लावायला कुणाची आई तयार होईल? म्हणून एकाच भांड्यात होणारा पास्ता आपल्याकडे फार सोयीचा पडतो. सगळं त्याच भगुन्यात शिजतं आणि घासायलाही तेवढं एकच निघतं.

शिवाय पाणी वाचतं. नेहमीच्या इटालियन पद्धतीत शंभर ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी उकळवतात आणि शेवटी बहुतेक सगळं ओतून देतात. दोन माणसांसाठी दोन लिटर झालं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तिथल्या माणसाला दोन लिटर उकळतं पाणी मोरीत ओतायला सांगून बघा. या पद्धतीत दोघांना सहाशे मिलिलिटर पाणी लागतं आणि ते सगळं पोटात जातं.

पद्धत नवी वाटत असेल तर चकोल्या आठवा. वरणफळांसाठी आपण कणकेचे तुकडे वेगळे उकडत नाही. ते उकळत्या वरणातच सोडतो, तिथेच शिजवतो आणि त्यांच्यातून सुटलेल्या पिठानं वरण दाट होतं. इथेही तेच होतं. पास्त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो आणि त्याचाच सॉस बनतो. म्हणून साय, मैदा, कॉर्नफ्लोअर यातलं काही लागत नाही.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, बाकी चुकलं तरी निभावेल. भांडं एक असलं तरी सगळ्या जिनसांची वेळ एक नाही. पास्त्याला बारा-चौदा मिनिटं लागतात आणि कोळंबीला जेमतेम तीन. दोन्ही एकदम टाकून झाकण घातलं की पास्ता शिजेपर्यंत कोळंबीचं रबर होतं. खालची सगळी कृती म्हणजे कोण कधी आत जायचं आणि कोण कधी बाहेर यायचं याचा हिशेब आहे.

कोळंबी आणताना

आपल्याकडे तिला कोळंबी कमी आणि झिंगे जास्त म्हणतात. बाजारात ती वेगवेगळ्या वाटांनी येते. बर्फात घालून मुंबईच्या बाजूनं आलेली समुद्राची एक. आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेली व्हॅनामी जातीची दुसरी. आंध्र प्रदेश देशात सगळ्यात जास्त कोळंबी पिकवतो आणि नांदेड, देगलूर, उमरग्याच्या लोकांना तसंही मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. तिसरे गोड्या पाण्यातले झिंगे, धरणाकाठी मिळाले तर. ते चवीला गोडसर असतात, पण पहिल्या खेपेला त्यांच्या मागे लागू नका. आकारात सारखे नसतात, त्यामुळे काही कच्चे राहतात आणि काही कडक होतात.

नवख्या माणसाला माझा सल्ला गोठवलेल्या कोळंबीचा आहे. समुद्रापासून साडेतीनशे-सहाशे किलोमीटरवर 'ताजी' कोळंबी म्हणजे बर्फात किती काळ राहिली हे ठाऊक नसलेली कोळंबी. पकडल्यावर चांगल्या कारखान्यात लवकर गोठवलेली आणि उणे १८ अंशांवर ठेवलेली त्यापेक्षा भरवशाची. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा तर हाच मार्ग बरा. पाकीट दाबून बघा. दाणे सुटे लागायला हवेत. सगळ्यांचा मिळून एक बर्फाचा गोळा झाला असेल तर बहुधा मधे कुठेतरी ते वितळून पुन्हा गोठलं आहे. आपल्याकडे वीज जाते, दुकानांतले फ्रीजर बंद पडतात, तेव्हा ही तपासणी फुकटची समजू नका. पाकिटावर ३१/४० किंवा ६१/७० असे आकडे असतात, म्हणजे एका पाउंडात किती नग बसतात ते. आकडा जितका मोठा, कोळंबी तितकी बारीक. पास्त्याला मधली घ्या. फार बारीक असेल तर ती तीसच सेकंदांत शिजते, आणि नवशिक्याचा हात तेवढा झटपट चालत नाही.

रंगही बघा. करडी असेल तर कच्ची. गुलाबी असेल तर आधीच उकडलेली आहे, तिला फक्त गरम व्हायचंय. ही दुसरी घेतली तर खाली सांगितलेलं परतणं वगळा आणि अगदी शेवटी मिनिटभरासाठी घाला.

मासळीवाल्याकडून बर्फातली घेत असाल तर वास घ्या, लाजू नका. समुद्राचा खारट वास चालतो, पण नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर परत द्या. डोकं हलक्या हातानं हलवलं तरी सुटत असेल आणि मांस लिबलिबीत लागत असेल तर तीही नको. घरी आणायची सोय आधी करून जा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवलेली कोळंबी अर्ध्या तासात उतरते. बत्तीस अंशांच्या वर तापमान असेल तर कच्चं मासे-मटण तासाभराहून जास्त बाहेर राहू नये, असा नियम आहे, आणि आपल्याकडे वर्षातले निदान चार महिने तो लागू असतो. थर्माकोलचा डबा आणि घरच्या फ्रीजमधला बर्फ सोबत न्या.

घरात कुणी आजवर कोळंबी खाल्लीच नसेल तर त्याला आधी एक-दोन तुकडे द्या आणि थोडं थांबा. कोळंबीची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते आणि आपल्या भागात ती कळायची वेळच आलेली नसते. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा घसा दाटला तर 'बसेल आपोआप' म्हणून बसून राहू नका, दवाखाना गाठा.

पास्ता, तेल, पाणी

पास्त्याच्या पाकिटावर 'ड्युरम व्हीट सेमोलिना' किंवा 'ड्युरम गव्हाचा रवा' लिहिलेलं शोधा. ड्युरम म्हणजे आपल्या ओळखीचा बन्सी गहू त्याच जातकुळीतला, कडक आणि पिवळसर. इटलीत तर सुका पास्ता ड्युरम रव्याचाच असावा, असा कायदा १९६७ पासून आहे. किराणा दुकानात पोत्यातून सुटी मिळणारी मॅकरोनी बहुधा मैद्याची असते. वेगळ्या पाण्यात उकडून गाळली तर ती चालून जाते. इथे मात्र गाळायचं नाही, त्यामुळे तिचं सगळं पीठ भगुन्यातच राहतं आणि खळ तयार होते. पाकिटासोबत मसाल्याची पुडी आली असेल तर ती बाजूला ठेवा, तिचं इथे काम नाही.

आकार पेने किंवा फुसिलीचा घ्या, म्हणजे तिरक्या कापाच्या नळ्या नाहीतर पिळाच्या गुंडाळ्या. स्पगेटी दिसायला छान, पण तिला पसरट भांडं लागतं आणि पहिल्या खेपेला ती हमखास एकमेकीला चिकटते.

ऑलिव्ह तेल असेल तर उत्तम, नसेल तर त्यासाठी अडू नका. करडईचं रिफाइंड तेल हलकं असतं, स्वतःची चव पुढे करत नाही, म्हणून या पदार्थाला चांगलं जमतं. करडई तर आपल्या रानातलीच, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी कुसुम' वाण शेतकऱ्यांना माहीतच आहे. घाण्याचं शेंगदाणा तेल मात्र इथे नको, त्याच्या वासापुढे कोळंबी मुकी होते. हेच येसर, काळं तिखट आणि गरम मसाल्याबद्दल. हात आपोआप त्या डब्याकडे जाईल, तो आवरा. कालवण करायचं असेल तर बेलाशक घाला, त्यासारखं दुसरं नाही, पण या भगुन्यात ते नको.

बोअरचं पाणी मचूळ असेल तर पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा. इथे पाणी आटून आटून सॉस होतो, म्हणजे त्यातला खारेपणाही आटून दाट होतो.

दोघांना पोटभर होईल असं माप सांगतो. पास्ता २०० ग्रॅम. सोललेली कोळंबी २५० ग्रॅम. डोक्या-सालासकट आणली तर साधारण अर्धा किलो घ्या, कारण निम्मं वजन सालातच जातं. तीन मध्यम पिकलेले टोमॅटो, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम. एक लहान कांदा. गावरान लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, आणि यात काटकसर करू नका. दोन सुक्या लाल मिरच्या, मोठे तीन चमचे तेल (सालं परतायची असतील तर आणखी एक), पाऊण छोटा चमचा मीठ, अर्धं लिंबू, मूठभर कोथिंबीर आणि ताजी कुटलेली मिरी. हाताशी असेल तर शेवटी एक छोटा चमचा लोणी. पाणी ६०० मिलिलिटर, आणि गरज पडलीच तर घालायला आणखी एक वाटी गरम पाणी शेजारी तयार ठेवा.

भगुनं जाड बुडाचं आणि पसरट हवं, तीन-चार लिटरचं. स्टीलचं किंवा नॉनस्टिक चालेल. लोखंडी कढई नको, टोमॅटोच्या आंबटपणानं सॉस काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. जाड बुडाचं काहीच नसेल तर पाच लिटरचा कुकर झाकण न लावता वापरा, त्याचं बूड चांगलं असतं. झाकण लावून शिट्टी करायचा मोह मात्र टाळा. शिट्टीनं पास्ता होईल, पण आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि इथे सगळा खेळ बघून करायचा आहे.

आता कृती

गोठवलेली कोळंबी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. विसरलात तर पाकीट न फोडता गार पाण्यात बुडवा, अर्ध्या तासात सुटते. गरम पाण्यात घालू नका, वरून शिजते आणि आतून बर्फच राहते. एकदा सुटलेली पुन्हा गोठवायची नाही.

सालासकट असेल तर डोकं पिळून काढा, पायांच्या बाजूनं साल उलगडा आणि पाठीवर सुरीनं उथळ चीर देऊन आतला काळा दोरा ओढून टाका. तो तिच्या आतड्याचा असतो. खाल्ला तर मरत नाही कुणी, पण दाताखाली वाळू येते. सालं आणि डोकी फेकू नका. मग कोळंबी धुऊन, चिमूटभर हळद आणि थोडं मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, आणि त्यानंतर स्वच्छ फडक्यानं किंवा कागदी रुमालानं कोरडी करा. हे कोरडं करणं सगळे टाळतात आणि तिथेच चव जाते. ओली कोळंबी तेलात पडली की परतली जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडते.

सालं असतील तर आधी त्यांचं पाणी काढायचं. भगुन्यात चमचाभर तेल तापवा, सालं-डोकी टाका, तीन-चार मिनिटं परता. बघता बघता करडी सालं केशरी होतात. त्यांच्यात ॲस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं. कच्चेपणी ते प्रथिनाला बांधलेलं असल्यामुळे निळसर-करडं दिसतं, आच लागली की सुटतं आणि खरा रंग दाखवतं. हे द्रव्य तेलात विरघळतं, पाण्यात नाही, म्हणून थेट पाण्यात उकळण्याआधी तेलात परतायचं. चमच्यानं डोकी दाबा, त्यातला रस सुटू द्या. मग आठशे मिलिलिटर पाणी घालून पंधरा मिनिटं मंद उकळा आणि गाळून एका भांड्यात ठेवा. सहाशेच्या आसपास उरेल. सोललेली कोळंबी आणली असेल तर ही पायरी सोडा, साधं कढत पाणी घ्या. फरक पडतो, पण जेवण अडत नाही.

भगुनं पुसून दोन चमचे तेल घाला आणि आच मोठी ठेवा. तेल चांगलं तापलं की कोळंबी एका थरात पसरा. पसरली की चमचा खाली ठेवा, हलवत बसू नका. एक मिनिट झालं की उलटा, दुसऱ्या बाजूला अर्धं-पाऊण मिनिट, आणि लगेच ताटलीत काढा. ती या वेळी मधोमध किंचित कच्ची दिसली पाहिजे. पूर्ण झालेली काढली तर शेवटी ती जास्तच होणार. ओळखायची खूण सांगतो: सैल वाकलेली असेल तर बरोबर, शेपूट डोक्याकडे टेकून घट्ट वेटोळं झालं असेल तर वेळ गेली.

त्याच तेलात, बुडाला लागलेल्या तपकिरी खरवडीसकट, आच मंद करून लसूण घाला. लसूण ठेचू नका, पातळ काप करा. ठेचलेला लसूण तापल्या भगुन्यात वीस सेकंदांत जळतो आणि कडू होतो. काप कडेनं सोनेरी व्हायला लागले की तोडलेल्या लाल मिरच्या आणि बारीक कांदा टाका. कांदा पारदर्शक झाला की पुरे, आपल्या भाजीसारखा लाल करायचा नाही. मग चिरलेले टोमॅटो आणि मीठ घाला. मीठ आधी अर्धंच. कोळंबीला लावलेलं आहे, आणि गोठवलेल्या मालात पाणी धरून ठेवण्यासाठी घातलेल्या क्षारांमुळेही खारटपणा असतो. टोमॅटो चार-पाच मिनिटांत गळून तेल कडेला दिसू लागेल.

आता पास्ता घाला, एकदा हलवून सगळीकडे तेल लागू द्या आणि वरून गाळलेलं पाणी कढत असतानाच ओता. गार ओतलं तर उकळी यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पास्ता बाहेरून भिजून लगदा होतो. पाणी पास्त्याच्या जेमतेम वर यायला हवं. बोटभर वर तरंगत असेल तर भांडं अरुंद आहे, थोडं पाणी मागे ठेवा.

पहिली दोन मिनिटं भगुन्यापासून हलायचं नाही. पास्त्याच्या अंगावरचा स्टार्च याच वेळी फुलतो आणि तुकडे एकमेकांना आणि बुडाला चिकटतात. तळापासून उलथनं फिरवत राहा. नंतर आच मध्यम करा, झाकण तिरकं ठेवा, दर मिनिटाला एकदा ढवळा. हे ढवळणं चिकटू नये म्हणून तर आहेच, पण त्यानंच स्टार्च पाण्यात उतरतो आणि सॉस दाटतो.

पाकिटावर दहा-अकरा मिनिटं लिहिलेली असतील, त्यावर जाऊ नका. ते माप भरपूर साध्या पाण्याचं असतं. इथे पाणी कमी आणि टोमॅटोचा आंबटपणा जास्त, त्यामुळे दोन-तीन मिनिटं वर लागतात. दहाव्या मिनिटाला एक तुकडा काढून दातानं तोडा आणि कापलेल्या जागी बघा. मधे पांढरा ठिपका असेल तर अजून वेळ आहे. ठिपका टाचणीच्या टोकाएवढा उरला, दाताला किंचित ताठ लागलं, की कोळंबी आत घालायची वेळ झाली. आपल्याकडे बऱ्याच वडीलधाऱ्यांना हा ताठपणा कच्चा वाटतो. त्यांच्यासाठी दोन मिनिटं जास्त शिजवा, इटलीहून तपासायला कुणी येत नाही. पण मग तेवढा वेळ कोळंबी बाहेरच राहू द्या.

या टप्प्याला सॉस थोडा पातळ वाटायला हवा, म्हणजे उलथन्यानं तळ उघडा केला तर दोन क्षणांत पुन्हा भरून यावा. कोरडा पडला असेल तर शेजारचं गरम पाणी थोडं थोडं घाला. फारच पातळ असेल तर झाकण काढून आच मोठी करा.

कोळंबी ताटलीत सुटलेल्या रसासकट भगुन्यात उलटी करा. दीड मिनिट ढवळा आणि आच बंद. लगेच उरलेलं चमचाभर तेल किंवा लोणी घालून तीस-चाळीस सेकंद जोरात ढवळा. स्टार्चचं पाणी आणि तेल यांची सांगड इथे बसते, सॉस चकचकीत होतो आणि पास्त्याला धरून राहतो. हे ढवळणं सोडलं तर तेल वर तरंगतं आणि खाली पाणी उरतं. मग मीठ चाखा, उरलेलं लागेल तेवढं घाला. लिंबू, मिरी आणि कोथिंबीर आच बंद झाल्यावरच. लिंबू उकळलं की कडवट होतं.

वरून किसलेलं चीज घालायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. इटालियन घरांत माशाच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत, आणि या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात खरपूस केलेला शिळ्या पावाचा चुरा भुरभुरा, त्याची कुरकुर चीजपेक्षा बरी लागते.

लगेच वाढा. हा पास्ता पाहुण्यांची वाट बघत नाही, पाच मिनिटांत सगळा सॉस पिऊन टाकतो. तेव्हा आधी माणसं बसवा, मग कोळंबी भगुन्यात घाला. उरलाच तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात त्याहून लवकर, आणि दुसऱ्या दिवशी चार चमचे पाणी घालून मंद आचेवर गरम करून संपवा.

कोळंबीऐवजी दुसरं काही

माखली, म्हणजे स्क्विड, मिळाली तर तिचा नियम विचित्र आहे. दीड-दोन मिनिटांत खाल्ली तर मऊ, नाहीतर अर्धा तास शिजवली तर मऊ, मधल्या वेळेत चामडं. इथे अर्थात दीड मिनिटवालीच. सुरमई किंवा रावसाचे बिनकाट्याचे तुकडे शेवटच्या चार मिनिटांत वर ठेवा आणि ढवळू नका, भगुनं हलवा.

धरणातल्या माशांपैकी मरळ जमते. काटे कमी, मांस घट्ट. रोहू, कटला, मृगळ यांच्या मांसात बारीक दुहेरी काटे असतात. कालवणात आपण हातानं चाचपून खातो म्हणून ते जमतं, पास्त्यात काट्या-चमच्यानं खाताना ते सरळ घशात जातात. त्यांना कालवणातच राहू द्या. शिंपल्यातल्या तिसऱ्यांच्या भानगडीत पडू नका. त्या जिवंत असतानाच शिजवाव्या लागतात आणि आपल्यापर्यंत जिवंत पोचतील याची खात्री नाही.

आणि सुकट. आठवडी बाजारात बोंबील, सुकट घेऊन बसलेल्या बायकांकडे सोललेले मोठे सुके झिंगे, म्हणजे कोकणातले सोडे, मिळाले तर सोडू नका. फ्रीजर नाही, वीज नाही, तरी हा माल टिकतो, आणि पास्त्याला चव देण्यात ओल्या कोळंबीहून कांकणभर सरस असतो. दोघांना पन्नास ग्रॅम पुरे. कोरड्या भगुन्यात मंद आचेवर दोन मिनिटं शेकून घ्या, दोन पाण्यांनी खळबळून धुवा, मग दोन वाट्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. भिजवलेलं पाणी तळाची वाळू हलू न देता वरच्या वर ओतून, फडक्यातून गाळून ठेवा. तेच पास्त्याचं पाणी, कमी पडेल तेवढं साधं घालून सहाशे मिलिलिटर करायचं. इथे वेळेचा हिशेब उलटा होतो. सोडे आधीच वाळून घट्ट झालेले असतात, त्यांना शिजायला वेळ हवा असतो, म्हणून ते लसणाबरोबर तेलात परतायचे आणि पास्त्यासोबत शेवटपर्यंत शिजू द्यायचे. मीठ मात्र अगदी शेवटी चाखून, आणि बहुतेक वेळा ते लागतच नाही. बारीक जवळा असेल तर तो शिजवू नका, कडकडीत भाजून हातानं चुरा आणि वाढताना पावाच्या चुऱ्यासोबत वरून टाका.